मोकळा वार

दि. ४ मार्च

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. हे पत्र तुझ्याआधी उघडून वाचणाऱ्या साहेबांनाही नमस्कार.

साहेब, माझं मागचं पत्र तुम्ही अडवून ठेवलंत आणि आमच्या वकिलांना विचारलंत, की हा सेनापती कोण आणि त्याचं मुंडकं उडवायचा बेत कुणी शिजवलाय. म्हणून आधीच खुलासा करते. हा एक खेळ आहे. टेबलावर चौकोन आखलेला पुठ्ठा, त्यावर बोटाएवढी शिशाची माणसं, प्रत्येकाचा एक गडी. गड्यानं काय करायचं ते आपण तोंडानं सांगायचं, जमलं की नाही ते फासा सांगतो, आणि भांडण झालं की पंच सांगतात. पंच म्हणजे बस डेपोतले निवृत्त कंट्रोलर, त्यांच्याच घरी खेळ चालतो. दुसऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई, दातांच्या. तिसरी मी. चौथा तुमच्याकडे आहे. किल्ले, राक्षस, तलवारी, सगळं तोंडी. रक्त सांडतं तेही तोंडीच. आता झाला ना खुलासा? मग पुढचं वाचून दचकू नका.

तर दादा, इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. तुझा स्वेटर तिच्या हाती पाठवलाय, मिळाला की कळव. दुकानात सध्या आरशांची कामं आहेत. मालक अजून मला मोठ्या काचेला हात लावू देत नाही. तळहाताचे टाके निघाले, पण मूठ नीट मिटत नाही, आणि काच कापायची हिरकणी घट्ट धरता आली नाही तर रेघ वाकडी जाते. मग मी बसते तासलेल्या कडा पुसत. मी आणि बसून राहणं, तूच विचार कर. परवा एका गिऱ्हाइकाला काय बोलायचं ते बोललेच, आणि मालक म्हणाला, तुझ्या भावानं तुझं नाव ठिणगी ठेवलंय ते उगाच नाही.

पंचांनी ठरवलंय, की तू आत असलास तरी तुझा तलवारबाज बाहेरच राहणार. तुझ्या पाळीला काय करायचं ते तू पत्रानं कळवायचं, फासा मी टाकायचा. तुझी खुर्ची कुणी घेत नाही. डॉक्टरीणबाई तिच्यावर पर्स ठेवायच्या, ती पण पंचांनी उचलायला लावली.

आता लढाई ऐक. गुरुवारी आपण दरवाजा फोडला. बाईंच्या कुऱ्हाडवाल्यानं पहिल्याच पहारेकऱ्याचा खालचा जबडा उडवला. वार ज्याचा, वर्णन त्याचं, हा आपल्या टेबलाचा कायदा, आणि जबड्याच्या बाबतीत बाईंना माहिती जरा जास्तच. कुठली दाढ कुठे जाऊन पडली इथपर्यंत ऐकवलं. पंचांनी हातातलं बिस्कीट खाली ठेवलं. दुसऱ्याला त्यांनी भिंतीला चेपून पोटात घातली आणि आतडी ढालीवर आली. तिसरा गुडघे टेकून हात जोडत होता, त्याला त्यांनी विचारलंही नाही.

माझ्या वाट्याला सेनापती आला. तो लोखंडात मढलेला, आणि माझी भालाईत चामड्याच्या अंगरख्यात. पहिल्या फेरीत त्यानं माझा खांदा निखळवला. दुसऱ्या फेरीत हातोडा बरगडीवर. आता एक वार बसला असता तर माझं शिसं पुठ्ठ्यावरून उचलावं लागलं असतं. त्यानं मला पाडलं, छातीवर पाय दिला, आणि भाला मधोमध मोडला. बाई म्हणाल्या, शरण ये. पंच म्हणाले, शरण येता येतं. मी म्हटलं, मी मोडका भाला त्याच्या मांडीत, चिलखताची कडी सुटते तिथे घालते. फासा टाकला. वीस बाजूंचा फासा, पडले वीस. अख्खं टेबल उभं राहिलं. मी वर्णन केलं, दादा. भाला आत शिरला तेव्हा मला हाडाचा अडथळा कळला, आणि मी तो फिरवला. काळं रक्त माझ्या तोंडावर आलं. मी उठले. तो मागे सरला. पुढच्या फेरीतही मी नुसतं मोडकं टोक रोखून उभी राहिले, आणि एवढा मोठा तो गडी, त्यानं ढाल वर घेतली, हातोडा खाली केला, "बस, मी चाललो," म्हणाला आणि दरवाजाकडे वळला.

तुझा तलवारबाज त्याच्या शेजारच्याच चौकोनात उभा आहे. सगळ्यांनी तुझ्या खुर्चीकडे बघितलं. पंच म्हणाले, पत्र येईपर्यंत खेळ थांबवू. तेव्हा कळव, काय करायचं.

वकील येऊन गेले. ते काय म्हणाले ते पुढच्या पत्रात लिहीन, आज हात दुखतोय.

तुझी,
ठिणगी


दि. १९ मार्च

प्रिय दादास,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "घाल वार. विचारतेस काय?" आईनं ते उलटून पालटून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून. माझ्या तब्येतीचं एक अक्षर विचारत नाही आणि राक्षसांना उत्तरं पाठवतो, म्हणाली. पुढच्या वेळी तिच्यासाठी दोन ओळी लिही, तुझं काही झिजणार नाही.

गुरुवारी मी तुझा फासा उचलला, आणि पंचांनी पुठ्ठ्यावर हात ठेवला. थांब म्हणाले.

तुला मोकळा वार माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. शत्रू आपल्या टप्प्यातून बाहेर निघाला की आपली पाळी नसतानाही त्याच्यावर एक वार फुकट. इतकी वर्षं आपण तसंच खेळलो. पण तू आत गेल्यापासून पंचांना गुरुवारखेरीज काही काम नाही, त्यामुळे ते नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला बसले. तर मोकळ्या वाराच्या पुढच्याच पानावर असं आहे, की ज्यानं आपली अख्खी पाळी फक्त मागे सरण्यात घालवली, वार केला नाही, काही उचललं नाही, नुसतं सांभाळून निघाला, त्याच्यावर मोकळा वार कुणालाच मिळत नाही. त्याला म्हणतात सावध माघार. सेनापतीनं तेवढंच केलं होतं.

म्हणजे आपण इतकी वर्षं चुकीचं खेळलो. माघारी निघालेला एकही शत्रू आपल्या टेबलावरून जिवंत गेलेला नाही. पंच म्हणाले, हा नियम त्यांनी सुरुवातीला सांगायचा प्रयत्न केला होता. पण शत्रू वळला असं ते म्हणायचा अवकाश, की तू "चाललास कुठे?" म्हणून ओरडायचास आणि फासा टाकून मोकळा व्हायचास. आणि पडलेला फासा परत घ्यायचा नाही, हा दुसरा आपला कायदा. "माझ्या वाक्याचा शेवट कधी कुणी ऐकलाच नाही," म्हणाले. एवढा आवाज चढवणारा माणूस, पण हे अगदी हळू म्हणाले.

तुझी बाजू डॉक्टरीणबाईंनी घेतली, आणि चांगली घेतली. त्यांचं म्हणणं, नियम टेबलावर बसणाऱ्याला कळतो, चौकोनात उभ्या असलेल्या गड्याला नाही. शत्रू वळतो तेव्हा तलवार आधीच निघालेली असते. वळला कशासाठी, जायला की कमरेची सुरी काढायला, हे त्या गड्यानं कसं ओळखायचं? पंच म्हणाले, ओळखायचं काय त्यात? त्यानं हत्यार खाली केलं, तोंडानं चाललो म्हणाला. यापेक्षा जास्त आणखी काय कळवायचं असतं माणसानं? बाई म्हणाल्या, खोटं बोलत असला तर? पंच म्हणाले, तर पुढच्या फेरीत तुमची पाळी आहेच.

इथपर्यंत ठीक होतं. मग बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, असल्यांना मागूनच घालावा लागतो. दादानं केलं ते अगदी बरोबर केलं.

माझं डोकं फिरलं. का फिरलं ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. मी पुठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या तोंडावर मारला. शिशाची माणसं खोलीभर उडाली. सेनापतीचा हातोडा बाईंच्या भुवईत घुसला आणि रक्ताची धार डोळ्यात. त्यांनी माझी वेणी धरून मला कपाटावर आपटलं. त्या कपाटाची काच मीच बसवून दिलेली, ती माझ्याच पाठीनं फुटली. मी त्यांच्या मनगटाला चावले. मधे पडायला आलेल्या पंचांच्या ओठावर कुणाचं तरी कोपर बसलं. साहेब, हे मात्र खेळातलं नव्हे. पण तक्रार कुणाचीच नाही, तेव्हा लिहून घेऊ नका.

दमलो तेव्हा थांबलो. बाई भिंतीला टेकून भुवईवर टॉवेल दाबून बसल्या होत्या. काचा मी वेचत होते, तेवढं मला येतं. आणि बाई बोलायला लागल्या. "तुझा तो पुढचा दात. दोन तुकडे झालेला. बाथरूममध्ये पाय घसरून तसा तुटत नाही गं. मला तेव्हाच कळलं होतं. आणि मी गप्प बसून त्यावर कॅप बसवून दिली." मग त्या रडल्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मला रडू आलं नाही, पण बसले.

आता वकील. आणखी टाळत नाही. ते म्हणाले, घटना बघणारी मी एकटी. माझा नवरा माझ्यावर चालून येत होता असं मी म्हटलं, तर तू बहिणीचा जीव वाचवायला हात उचललास असं होतं, आणि तू घरी येतोस. तो निघून जात होता असं मी म्हटलं, तर तू आईला पुन्हा बाहेर दिसशील की नाही सांगता येत नाही. डॉक्टरांना जखम कानामागे दिसलीय, पण झटापटीत माणूस वळतोच, तेवढं ते सांभाळून घेतील. मी फक्त "येत होता" म्हणायचं.

आईनं त्यांच्यासमोरच माझा हात धरला. म्हणाली, "तो गेला. हा आहे. असलेल्याला वाचव."

मी चहा थंड झाला होता तो गरम करून आणते म्हणून आत गेले आणि ते जाईपर्यंत बाहेर आले नाही.

तुझा वार पंचांनी तूर्त थांबवून ठेवलाय. तुला काही म्हणायचं असेल तर म्हण.

तुझी,
ठिणगी


दि. ६ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. या खेपेला तुझं पत्र चार पानी आलं. आईसाठी दोन ओळी होत्या, त्या तिनं कापून घेऊन स्वतःच्या कप्प्यात ठेवल्या. ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, औषधाची गोळी समोर ठेवते, पण बोलत नाही.

पहिली दोन पानं तू नियमावर भांडलास. "हत्यार खाली केलं म्हणून काय झालं, उचलायला कितीसा वेळ लागतो." बरं. पुढची दोन पानं नियमावर नव्हती. तू लिहिलंस, "वार सुटतो तेव्हा माणसाला काय दिसतं ते पंचांना काय माहीत. माझ्यासमोर तू रक्तानं भरलेली होतीस. तो वळला एवढंच दिसलं. का वळला हे मी थांबून विचारायला हवं होतं का?" आणि शेवटी, "तू कुणाच्या बाजूची आहेस ते एकदा सांगून टाक."

वार ज्याचा, वर्णन त्याचं. हे वर्णन तुझं होतं, दादा. तू पोलिसांपुढे केलं नाहीस. मग वकिलांनी मनानं रचलं, आणि आता ते माझ्या तोंडात घालायला बघतायत. तू करत नाहीस म्हणून मी करते. साहेब, तुम्हाला वाचायचं तर खुशाल वाचा.

तू बेसिनचा नळ बदलत होतास आणि पाणी बंद करायला गच्चीवर टाकीपाशी गेला होतास. आई बाजारात गेली होती. त्यानं बेल वाजवली नाही, दाराला लाथ घातली. सहा वर्षं मी त्याला अहो म्हणत आले, पण आता लिहिताना 'तो' असंच येतं. आल्या आल्या त्यानं माझे केस धरले आणि कपडे भर, घरी चल, म्हणाला. मी नाही म्हटलं. त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं. परत म्हणाला, परत नाही म्हटलं, परत आपटलं. मग पोटात गुडघा घातला. मी खाली पडले तेव्हा त्यानं माझ्या हातावर बुटाच्या टाचेसारखी टाच दाबून पाय दिला, तोही अनवाणी. घरात चप्पल घालून यायचं नाही एवढी शिस्त त्याला होती. चप्पल दारात होती.

भिंतीशी आईच्या कपाटासाठी आणलेली आरशाची पट्टी उभी होती, कागदात गुंडाळलेली. कडा तासायच्या राहिल्या होत्या. ती मी धरली. कागद सुटला आणि काच सरळ तळहातात गेली. मी उठले. मी म्हटलं, आणखी एक पाऊल टाकलंस तर पोट फाडीन. खेळात असली वाक्यं मी ढिगानं बोललेय, दादा, बाईंसारखी चवीनं. पण त्या दिवशी मी ते मोठ्यानं म्हटलंसुद्धा नाही. माझ्या कोपरावरून रक्त टपटप खाली पडत होतं आणि मी काच सोडत नव्हते, हे त्यानं बघितलं. माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. घाबरलेला माणूस किती साधा दिसतो.

त्यानं हात खाली केले. "वेडी झालीस तू. चाललो मी," म्हणाला. पाठ फिरवली, दाराशी गेला, एक चप्पल पायात घातली आणि दुसरी पायानं चाचपडायला लागला.

तेव्हा तू गच्चीवरून आतल्या जिन्यानं त्याच्या मागे आलास. पाइपपाना हातात. तू ते ऐकलंस. ऐकलं नाहीस असं मला सांगू नकोस, कारण तू त्याला उत्तर दिलंस. "चाललास कुठे?" म्हणालास. मग घातलास.

कानामागे बसला. आवाज लहानसा झाला. तो उंबऱ्यावर आडवा पडला, तोंड बाहेर आणि पाय घरात, आणि चप्पल न घातलेला पाय जमिनीवर हलत राहिला, अजून चप्पल शोधत असल्यासारखा. तू पाना पुन्हा उचललास. मी ओरडले. तू थांबलास. तू थांबलास हेही मी सांगणार आहे, काळजी करू नकोस.

तो मेला याचं मला दुःख नाही. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते आणि घासत राहिले. कोर्टात विचारलं तर हेही सांगेन. सगळंच सांगेन. दात, बोट, बरगडी, कानाचा पडदा. डॉक्टरीणबाई दाताबद्दल शपथेवर सांगणार आहेत, स्वतः गप्प बसल्या त्याच्यासकट. भुवईवर पट्टी बांधून वकिलांकडे जाऊनही आल्या. हे सगळं ऐकून न्यायाधीश तुझ्याबद्दल काय ते ठरवतील. कदाचित शिक्षा कमी करतील. पण तो येत होता असं मी म्हणणार नाही. तो जात होता.

का, ते ऐक. ओरडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मी सहा वर्षं बाथरूममध्ये पाय घसरून पडले. कपाटाचं दार लागलं. जिन्यात अंधार होता. प्रत्येक दवाखान्यात एका पुरुषाला वाचवायला मी काय झालं ते बदलून सांगितलं, आणि इतकं बदललं की बरगडी खरंच कशानं मोडली हे मला एकदा आठवेना. आता तू आणि वकील आणि आई म्हणता, आणखी एकदा. या खेपेचा माणूस चांगला आहे. आहेच. तुझ्याइतका जीव मला कुणी लावला नाही. पण मला आता ते जमत नाही, दादा. तोंडच उघडत नाही त्या वाक्यावर. आरशासमोर म्हणून बघितलं.

दुसरं. ती माझी लढाई होती. मी ती जिंकले होते. माझ्या तळहातात काच होती आणि तो माझ्या भीतीनं चप्पल शोधत होता. आणखी दोन मिनिटं गेली असती तर तो रस्त्यावर असता आणि मी दाराला कडी घालून जमिनीवर बसले असते, आणि आयुष्यभर मला माहीत असतं की त्याला मी घालवला. तू ते माझ्याकडून घेतलंस. आता सगळे म्हणतात, भावानं बहिणीला वाचवलं. तुझ्यावर मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. बाईंच्या तोंडावर पुठ्ठा मारला तो याच रागानं, आणि तो खरा तुला लागायला हवा होता.

तिसरं लिहायला मला सगळ्यात जड जातंय. तू खोट्यावर सुटून घरी आलास, तर मी तुझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहू शकणार नाही. तू मला कधी बोट लावलेलं नाहीस. मला माहीत आहे. पण राहू शकणार नाही. उलट तू सगळं भोगून आलास, मग कितीही उशिरा ये, मी दार उघडून निवांत आत वळेन आणि तुझ्यासाठी चहा टाकीन.

तू विचारलंस कुणाच्या बाजूची. तुझ्या. पण तू ज्या बाजूला मला उभी करतोयस, तिथे मी नाही.

पंचांनी सेनापतीला दरवाजाबाहेर जाऊ दिलं. त्यांचा ओठ अजून सुजलेला आहे, तरी निकाल खणखणीत दिला. बाईंनी हुज्जत घातली नाही. तुझा तलवारबाज तिथेच उभा आहे. मी विचारलं, दादाची पाळी गेली का? ते म्हणाले, "पाळी कशी जाईल? फक्त तो वार गेला."

सोमवारी माझी साक्ष आहे. मी काय बोलणार ते वकिलांना सांगितलेलं नाही, आईलाही नाही. आईला सोमवारी सकाळी निघण्याआधी सांगेन, आणि त्यानंतर ती ताट वाढेल की नाही कोण जाणे. तुला सगळ्यांच्या आधी कळवतेय. हे पत्र आधी दुसऱ्यांच्या हातात पडेल आणि पुढे कुठे जाईल, तेही धरून चाललेय. तरी लिहिलं. कारण मी तिथे उभी राहून एकाएकी हे बोलले असते आणि तू बेसावध बसलेला असतास, तर तो पाठीतला वार झाला असता, आणि तसला मी तुझ्यावर करणार नाही.

मी बोलायला लागले की तू खाली बघशील. नको बघूस, दादा. मी तुझ्याकडे बघूनच बोलणार आहे.

तुझ्यासमोर उभी,
तुझी धाकटी बहीण